दोन बोटं कमी

डेपोच्या कॅन्टीनमध्ये ती चहाचा पेला घेऊन बसली की त्या टेबलावरची माणसं एकेक करून उठतात. कुणाला फोन करायचा असतो, कुणाला गाडीचा नंबर बघायचा असतो. दोन मिनिटांनी तीच माणसं शेजारच्या टेबलावर दाटीवाटीने बसलेली दिसतात. ती चहा संपवते, पेला विसळून जागेवर ठेवते आणि आपल्या खोलीत जाऊन मशीनवर बसते. गेले आठ महिने हे असंच चाललं आहे. एकदा कुणीतरी तिच्या मशीनचा पट्टा कापून ठेवला होता. तिने नवा पट्टा चढवला आणि कापलेला दाराच्या खिळ्याला अडकवला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा.

तिचं काम बसच्या गाद्या शिवण्याचं. फाटलेली रेक्झिनची कव्हरं बदलायची, दबलेला फोम काढून नवा घालायचा. मोजपट्टी ती फारशी वापरत नाही, बोटांनी मोजते, म्हणून डेपोत तिचं नाव पडलं दोनबोटेबाई. पुढे नवे लोक ते तिचं आडनावच समजू लागले. एकाने तर रजेच्या अर्जावर तसं लिहूनही दिलं होतं, आणि अर्ज मंजूरही झाला होता.

शाळेत ती चार वर्षं माझ्या वर्गात होती. गणितात जेमतेम पास व्हायची, पण मी फळ्यावर मारलेली रेघ वाकडी असली तर सगळ्यांत आधी तिला कळायचं. सांगायची मात्र नाही. मान तिरकी करून बघत राहायची, आणि शेवटी मलाच रेघ पुसावी लागायची. कळतं पण बोलत नाही, हा तिचा स्वभाव मी तेव्हा गुण म्हणून प्रगतिपुस्तकात लिहिला होता. 'शांत आणि आज्ञाधारक.' आता ते शब्द आठवले की बरं वाटत नाही.

तिचा दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, त्याच डेपोत बसचालक. वडील गेल्यावर त्याने तिला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. नवरा दुसऱ्या गावी कामाला म्हणून गेला आणि परत आला नाही, तेव्हा दादानेच तिला घरी आणून मागची खोली दिली. डेपोतली नोकरीही त्याच्याच शब्दावर मिळाली. तिथे त्याच्या शब्दाला वजन होतं. सव्वीस वर्षांत त्याच्या गाडीवर साधा ओरखडा नव्हता. नवे चालक त्याच्या प्रत्येक गोष्टीची नक्कल करत: घड्याळ बघणं, शिट्टीसारखा आवाज काढून कंडक्टरला बोलावणं, आणि मुख्य म्हणजे त्याचं बसणं.

सगळी गोम त्या बसण्यात होती.

या डेपोत प्रत्येक चालकाची गादी वेगळी. ती त्याच्या कपाटात राहते. कामाला निघताना तो ती काखेत मारतो, गाडीत चढून सीटवर टाकतो, आणि पाळी संपली की परत आणतो. गादीवर त्याचा बिल्ला क्रमांक असतो. जुन्या चालकांमध्ये खाली बसण्याची मिजास होती. पाठीचा कणा सरळ ठेवून उंच बसतो तो शिकाऊ. मुरलेला चालक खाली, स्टीअरिंगच्या आड, आरामखुर्चीत पडल्यासारखा बसणार. सीटचा दांडा अगदी तळाला नेऊनही काहींचं समाधान होत नसे. मग ते गादी घेऊन तिच्या खिडकीशी येत आणि म्हणत, दोन बोटं काढ गं. एखादा नवा पोरगा उंच बसलेला दिसला की दादा खिडकीतून विचारायचा, काय रे, अंडी उबवतोयस का? आठवड्याभरात तो पोरगा गादी घेऊन तिच्याकडे हजर.

ती गादीचं तळचं कव्हर उसवायची, लांब सुरीने फोमचा थर कापायची आणि कव्हर पुन्हा शिवून द्यायची. वरून कुणाला काही कळत नसे. तपासनीस ब्रेक बघत, टायर बघत, दिवे बघत. गादी ही चालकाची खाजगी वस्तू, ती कुणाच्या यादीतच नव्हती. कापलेला प्रत्येक तुकडा ती ठेवून द्यायची आणि त्यावर पेनाने बिल्ला क्रमांक लिहायची. उद्या कुणाला टोचायला लागलं, तुकडा परत हवा म्हणाला, तर शोधाशोध नको. अकरा वर्षांत कुणीही परत मागितला नव्हता. पोत्यात एक्केचाळीस तुकडे जमले होते. माणसं छत्तीस, कारण काहींनी दोनदा कापून घेतलं होतं. दादाचे दोन होते.

गेल्या वर्षी, सकाळी अकराच्या सुमाराला, टपाल कचेरीच्या चौकात दादाची बस वळत असताना एका बाईला धडकली. कचेऱ्यांचे जिने पुसण्याचं काम करणारी ती बाई पांढऱ्या पट्ट्यांवरून, पायी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा असताना, रस्ता ओलांडत होती. जीव वाचला, पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दादा गाडीतून उतरला, तिच्याशेजारी रस्त्यावर बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत राहिला, की मी बघितलं होतं, कोणी नव्हतं.

चौकशीच्या पहिल्या कागदावर तेच उतरलं. चालक अनुभवी, वेग कमी, चालकाने पाहिले असता रस्त्यावर कोणी नव्हते; सबब पादचारी घाईने अचानक पुढे आली असावी. शेवटची बैठक तेवढी बाकी होती. ती झाली की बाईचाच निष्काळजीपणा कायम ठरणार होता, आणि तिच्या कामाच्या ठिकाणी, जिथे आधीच बदली बाई उभी केली होती, तिथे तिला परत घेणार नव्हते. डेपोत मात्र सगळे खूश होते. वहिनीचा चेहरा पंधरा दिवसांनी सुटा झाला.

दादा खूश नव्हता. घरी तो एक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायचा, मग दुसरा झाकून तेच आकडे वाचायचा. बहिणीने बघितलं की पंख्याकडे बघत असल्यासारखं करायचा.

अपघाताची बस दुरुस्तीला डेपोत आली, तेव्हा तिच्याकडे फाटलेलं पाठीचं कव्हर शिवायचं काम आलं. दादाची गादी अजून त्या सीटवरच होती. कव्हर बसवून ती टेकून बघायला म्हणून सीटवर बसली. गाड्या धुणारे काका समोर बादली घेऊन उभे राहून बोलत होते. त्यांची सून कशी मीठ मोजून घालते, असलं काहीतरी. काका बोलत बोलत दोन पावलं बाजूला सरकले आणि दिसेनासे झाले. आवाज येतच होता.

तिला वाटलं, खाली वाकले असतील. तिने मान पुढे काढली. काका होते तिथेच सरळ उभे होते, पाच-सहा पावलांवर. मान मागे घेतली, काका गेले. काचेच्या कडेचा जाड खांब आणि त्याला लागून बाहेर लावलेला मोठा आरसा, या दोघांच्या मागे अख्खा माणूस, बादलीसकट, मावला होता.

ती खाली उतरली, पोत्यातून दादाच्या क्रमांकाचे दोन तुकडे शोधून आणले आणि गादीखाली सारून पुन्हा बसली. आरशाच्या वरच्या कडेवरून आधी काकांचं टक्कल दिसलं, मग कपाळ, मग डोळे. काका म्हणाले, सीटखाली काय शोधतेयस, पैसे पडले का? 'बाई,' तिने मला नंतर सांगितलं, 'दादाने खरंच बघितलं होतं. आणि खरंच कोणी नव्हतं. मीच काढून घेतलं होतं तिला तिथून.'

तिने आधी घरी सांगितलं. दादा जेवत होता. तिचं सगळं बोलून होईपर्यंत त्याने घास खाली ठेवला नाही, नुसता हातात धरून राहिला.

'कुणाकुणाला बोललीस?'

'कुणालाच नाही.'

'मग बोलूही नकोस. कागद झालाय. त्या बाईचा पाय काय तुझ्या फोमने जुळून येणार आहे?'

ती म्हणाली की त्या बाईच्या नावावर चूक लागतेय. दादा म्हणाला, लागू दे, नाहीतर माझ्या नावावर लागेल, सव्वीस वर्षांच्या. शिवाय माझ्या एकट्याच्या नाही, छत्तीस जणांच्या पोटावर पाय देशील. वहिनीने ताटं उचलताना तिच्याकडे न बघता एवढंच म्हटलं, की खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं ऐकून होते, आता बघितलीही. त्या दिवसापासून तिचं ताट वेगळं वाढलं जाऊ लागलं, ओट्याच्या कडेला, झाकण न ठेवता.

आठवडाभर ती गप्प राहिली. तो तिचा जुना स्वभाव. मग एका दुपारी ती हॉस्पिटलमध्ये गेली. कशासाठी, ते तिचं तिलाही नीट सांगता येत नव्हतं. जिने पुसणारी बाई पाय वजनाला टांगून पडली होती. हिने आपण कोण ते सांगितलं, गाद्यांचं सांगितलं, हात जोडले. बाईने पूर्ण ऐकून घेतलं.

'झालं तुझं?' ती म्हणाली. 'हे मला सांगून तुझं मन हलकं होईल, माझा पाय नाही होणार. जिथे कागद लिहितात तिथे जाऊन सांग. तिथे सांगायची हिंमत नसेल तर इथे येऊन माझा वेळ खाऊ नकोस. आणि ती पिशवी घेऊन जा.'

पिशवीत फळं होती. ती तशीच परत घेऊन आली.

शेवटच्या बैठकीला तिला कुणी बोलावलं नव्हतं. पोतं खांद्यावर टाकून ती दारात उभी राहिली. आत चौकशी अधिकारी बाई, एक लेखनिक, चालकांच्या संघटनेचा पुढारी आणि दादा. पुढारी म्हणाला, गाद्यांचा ढीग बाहेर ठेव, इथे काम चाललंय. तिने पोतं टेबलावर पालथं केलं. फोमचे तुकडे कागदांवर, शाईच्या पॅडवर, पुढाऱ्याच्या मांडीवर पडले. त्याने एक उचलला, त्यावरचा क्रमांक वाचला आणि पटकन खाली ठेवला. तो त्याचाच होता. पुढारी होण्याआधी तोही गाडीवरच होता.

तिने सांगितलं, अडखळत, पण सगळं. दादाकडे बघितलं नाही. अधिकारी बाईंनी विचारलं, हे कुणाच्या परवानगीने कापलंस? ती म्हणाली, कुणाच्याच नाही, त्यांनी सांगितलं आणि मी कापलं.

पुढारी आता सावरला होता. तो म्हणाला, ही बाई केवढीशी आहे बघा, पाटावर उभी राहिली तरी हिला खिडकीबाहेरचं दिसायचं नाही. हिच्या डोळ्यांवरून चालकाचा न्याय करणार का? गाडी चालवणाऱ्याला बसवा आणि विचारा.

मुद्दा रास्त होता. अधिकारी बाई उठल्या आणि सगळे डेपोच्या मैदानात गेले. चालक गोळा झाले. बस उभी होती. दादाने आपली गादी टाकली आणि बसला, जसा रोज बसतो तसा. धुणाऱ्या काकांना बादली घेऊन सहा पावलांवर उभं केलं. काकांना घाम फुटला होता. एवढ्या माणसांसमोर बादली कशी धरायची ते त्यांना सुचत नव्हतं.

अधिकारी बाई सीटच्या मागे उभ्या राहिल्या. 'मान हलवू नका. वळताना बघता तसं बघा. कोण दिसतं?'

दादाला एक शब्द बोलून सुटता आलं असतं. काका कुठे उभे आहेत ते त्याने चढतानाच बघितलं होतं, तसं सगळ्यांनीच बघितलं होतं. मैदानात कुणी हलत नव्हतं. पुढारी खालून त्याच्याकडे एकटक बघत होता. बहीण दाराच्या पायरीशी दोन तुकडे छातीशी धरून उभी होती.

'कोणी नाही,' दादा म्हणाला.

अगदी त्याच आवाजात, जसं तो चौकात सांगत राहिला होता. बाईंनी खूण केली. तो उठला, बहिणीने तुकडे गादीखाली सरकवले, तो पुन्हा बसला.

'काका आहेत,' तो म्हणाला. 'बादली डाव्या हातात धरलीय.'

पुढे जे व्हायचं ते झालं. जिने पुसणाऱ्या बाईवरचा ठपका कागदावरून निघाला आणि तिचं काम तिच्यासाठी राखून ठेवायचं पत्र गेलं. दादाला दोन महिने गाडीवरून उतरवून शिकाऊ पोरांबरोबर प्रशिक्षणाला बसवलं. पहिल्या बाकावर, पाठ सरळ. बहिणीची दोन वर्षांची पगारवाढ थांबली. आणि फर्मान निघालं की छत्तीसही गाद्या पूर्ववत करायच्या, सगळ्या गाड्यांचे आरसे वीतभर खाली घ्यायचे, आणि वळताना प्रत्येक चालकाने एकदा पुढे झुकून खांबामागे बघायचं.

गाद्या आल्या. खिडकीतून आत फेकल्या गेल्या. एकाने गादीवर चिखलाचे बूट पुसून दिली. एकजण म्हणाला, दोन बोटं परत देतेस तशी माझी इज्जत पण शिवून दे. तिने क्रमांक बघितला, त्याचा तुकडा काढला, चिकटवला आणि कव्हर शिवून दिलं. ज्याचा तुकडा त्यालाच, दुसऱ्याचा नाही. नवा फोम घातला असता तर काम अर्ध्या वेळात झालं असतं, पण तिने तसं केलं नाही. बैठकीनंतर तिने घरही सोडलं होतं. डेपोमागच्या गल्लीत एक खोली घेतली. वहिनीने तिचे कपडे शेजारणीच्या हाती पाठवले, घड्या घालून. त्या घड्यांचं तिला फार लागलं. बोळे करून पाठवले असते तर बरं वाटलं असतं, म्हणाली.

पस्तीस गाद्या झाल्या. छत्तिसावी येईना.

दोन महिन्यांनी दादाचं प्रशिक्षण संपलं. दुसऱ्या दिवशी पहाटपाळीला तो गाडी घेणार होता. आदल्या दुपारी तो खिडकीशी आला. गादी आत ढकलली आणि पाठ फिरवून उभा राहिला. तिने टाके उसवले. दोन्ही तुकडे तिने वेगळे काढून ठेवले होते, पोत्यात परत टाकले नव्हते.

पाठ तशीच ठेवून त्याने विचारलं, 'म्हणजे डोळे नीट होते माझे.'

'नीट होते, दादा.'

'मग अकरा वर्षं कापत का होतीस?'

'तू सांगायचास म्हणून.'

'मी तर पुष्कळ सांगतो.' त्याचा आवाज चढला. 'तुला कळायला नको? सुरी तुझ्या हातात होती ना?'

मशीनवर बसून तिने तळ शिवून पुरा केला. दुहेरी टीप मारली. दादाने गादी हातात घेऊन बोटाने जाडी चाचपली, जशी ती चाचपते. मग काखेत मारून निघून गेला. आजतागायत तिच्याशी बोललेला नाही. सणवार, आजारपण, काहीही असो, त्या घरातून तिला निरोप येत नाही. धुणारे काका तेवढे कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर बसतात, आणि तेही म्हणतात, माझ्या टकलामुळे एवढं रामायण झालं.

मी टपाल कचेरीत महिन्यातून एकदा जाते. परवा पट्ट्यांवर पाऊल ठेवलं आणि वळणावर दादाची बस आली. तो मला ओळखतो. त्याच्या बहिणीच्या शाळेतली बाई, तिची बाजू घेणारी, हे त्याला ठाऊक आहे. बस थांबली. काचेमागे तो ताठ बसला होता, शिकाऊ पोरासारखा. मग पुढे झुकला, खांबाच्या कडेने डोकं बाहेर काढलं आणि थेट माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या होत्या, ओठ आवळलेले, नजरेत ओळखीचा मागमूस नाही, नुसता राग.

मी माझ्या वयाला साजेशा चालीने रस्ता ओलांडला. पलीकडच्या फरसबंदीवर पाय टेकेपर्यंत त्याने तो राग माझ्यावरून हलवला नाही.